मेपलचं रोप मागवण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत लाल पानांचं झाड लावायचं तर

दर डिसेंबरात आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी मला मोबाइलवर तोच फोटो दाखवतं. क्योटोतलं एक देऊळ, समोर तळं, तळ्यावर वाकलेलं लालभडक झाड. "काकू, हे आपल्याकडे लागेल का हो? ऑनलाइन मिळतंय." सोसायटीची बाग मी बघते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. पूर्वी मी "बघू या लावून" म्हणायचे. आता म्हणत नाही, कारण मी लावून पाहिलंय.

त्या झाडाचं नाव जपानी मेपल. जपानीत मोमिजी. शास्त्रीय नाव एसर पामेटम, आणि ते १७८४ साली कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. पामेटम म्हणजे तळहातासारखं. पानाला पाच, सात, कधी नऊ बोटं असतात. जपान-कोरियाच्या डोंगरउतारांवर मोठ्या झाडांच्या आडोशाला सावकाश वाढणारं हे झाड, त्यामुळे कुंडीला आणि बोन्सायलाही लाडकं.

मी बी मागवलं होतं. मेपलचं बी थंडीतून गेल्याशिवाय उगवत नाही, म्हणून ओल्या वाळूत घालून डबा तीन महिने फ्रिजमध्ये ठेवला, दह्याच्या भांड्याशेजारी. घरच्यांनी दोनदा तो फेकायला काढला. वीसपैकी सात बिया उगवल्या तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. एप्रिलमध्ये पानांच्या कडा पापडासारख्या भाजल्या. जुलैत चार रोपं मुळाशी कुजली. उरलेल्यांतलं एकच रोप हिरव्या नेटखाली, मातीच्या कुंडीत, पुढच्या जानेवारीपर्यंत टिकलं. ते ना लाल झालं, ना त्याची पानं नीट गळली. तपकिरी होऊन फांदीलाच लोंबत राहिली आणि मार्चात नवा कोंब आलाच नाही.

मेपल इथे का टिकत नाही

दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, तसं मेपल पानातलं हरितद्रव्य मोडतो आणि पानातली पोषकद्रव्यं परत आत ओढून घेतो. त्याच सुमारास पानात लाल रंगद्रव्य तयार होतं. पुढे पानं गळतात आणि झाड झोपी जातं. ही झोप त्याच्या जिवाची गरज आहे. कित्येक आठवडे पारा शून्य ते सात अंशांच्या आसपास राहिला, की मगच वसंतात कळ्या नीट फुटतात. आपल्याकडे जानेवारीतली पहाट साधारण १५-१६ अंशांची. कधी १२-१३ वर आली की आपण कपाटातून स्वेटर काढतो आणि दुसऱ्या दिवशी 'ठाणे गारठले' अशी बातमी छापून येते. मेपलच्या लेखी ती थंडीच नव्हे. झोप न मिळालेलं झाड एक वर्ष तग धरतं, दुसऱ्या वर्षी खंगतं.

वर आपला पावसाळा. मेपलची मुळं वरवरची आणि बारीक, केसांच्या गुंत्यासारखी. त्यांना ओल हवी पण साचलेलं पाणी अजिबात नको, आणि जुलैत ठाण्यातली कुंडी कोरडी कशी ठेवायची हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून सरळ सांगते: कुणाचं सासर-माहेर शिमल्याला किंवा नैनितालला असेल तर मेपल तिथे लावा. जपानला जाऊन खिशात बिया घालून आणण्याचा मोहही टाळा. परदेशातून बी किंवा रोप आणायला वनस्पती संगरोधाच्या २००३ सालच्या आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. आणि निळ्या किंवा जांभळ्या-निळ्या मेपलचं बी दाखवणारी जाहिरात दिसली, तर पुढे सरका. निळा मेपल या पृथ्वीवर नाही.

आणलेलं रोप मेपलच आहे का, ते बघा

कुणी म्हणेल, "आमच्या नर्सरीत तर मेपल छान वाढलाय, भर उन्हात, गडद लाल." मीही असा एक 'मेपल' पाहिलाय आणि घरीही आणलाय. ती लाल पानांची जास्वंद होती, आपल्या अंबाडीची चुलतबहीण. पान हुबेहूब मेपलसारखं कापलेलं, रंग जांभळट लाल.

ओळखायची खूण सोपी आहे. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. या जास्वंदीची एकाआड एक येतात. आणखी खात्री हवी असेल तर कोवळं पान चावून बघा, अंबाडीसारखं आंबट लागतं. अर्थात त्यावर नर्सरीवाल्याने फवारा मारलेला नाही ना, हे आधी विचारून.

फसवणूक झाली म्हणून ते रोप फेकू मात्र नका. फ्लॅटच्या बाल्कनीत लाल पानांची हौस भागवायला याच्याइतकं गुणी झाड दुसरं नाही. चार-पाच तास ऊन, बारा इंची कुंडी, शेंडे खुडत राहायचे म्हणजे ते भरगच्च होतं. पावसाळ्यात वीतभर फांदी खोचली की जगते. ऊन कमी पडलं की पानं हिरवट होतात, एवढीच त्याची तक्रार. दोन-तीन वर्षांनी ते ओंडक्यासारखं होतं, तेव्हा त्याच्याच फांद्यांपासून नवं करायचं. ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांचा प्रश्न इथेच मिटला.

जमीन असेल तर लाल काय लावायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये एका सकाळी येऊरच्या रस्त्याने वर जा. सगळं रान करपलेलं, पळसाशिवाय नजर ठरेल असं काही नाही, आणि मध्येच एखादं झाड शेंदरी-लाल पानांनी पेटलेलं दिसतं. फुलं नव्हेत, पानंच. तो कोशिंब. काही जण त्याला कुसुंबही म्हणतात. लाखेचे किडे पोसायला उत्तम म्हणून मध्य भारतात त्याची कीर्ती आहे, बियांचं तेल काढतात, आणि पावसाच्या तोंडावर पिकणारी त्याची आंबट फळं पोरं खातात.

मेपल आणि कोशिंब यांतला फरक मला फार आवडतो. मेपलचं पान जाता जाता लाल होतं, कोशिंबाचं येता येता. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं. तोवर हे लाल द्रव्य त्याला उन्हापासून आणि किड्यांपासून सांभाळतं, असं मानलं जातं. आपल्याकडे लालीचा मोसम पानगळीचा नसून पालवीचा आहे, हे एकदा ध्यानात आलं की क्योटोचा फोटो जरा बाजूला ठेवता येतो. पिंपळ, आंबा, नागकेसर, सीता-अशोक ही सगळी मंडळी याच पंथातली.

कोशिंब मोठा होतो. पन्नास-साठ फूट उंच आणि तितकाच डेरेदार. इमारतीपासून, कंपाउंडच्या भिंतीपासून वीस-पंचवीस फूट मोकळे असतील तरच लावा. आणि वाढतो सावकाश, म्हणजे लावणाऱ्याने धीर धरायला हवा.

एवढी जागा नसेल तर ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल याच झाडाचं. एप्रिल-मेमध्ये जांभळे तुरे येतात, आणि थंडी सरताना गळायच्या आधी पानं तांबूस-लाल होतात. म्हणजे मेपलची रीत ज्याला हवी त्याला ती इथेही मिळते. ताम्हण मूळचा कोकणातल्या ओढ्यानद्यांच्या काठचा, त्यामुळे पाणी धरणाऱ्या जमिनीला तो घाबरत नाही. ठाणेकरांच्या दृष्टीने हा मोठा गुण. नवशिक्याला मी डोळे झाकून ताम्हणच सुचवते.

दोन इमारतींच्या मधल्या सावलीच्या पट्ट्यात सीता-अशोक लावा. शाळांसमोर रांगेने उभा असतो तो उंच सरळसोट अशोक वेगळा. सीता-अशोकाची कोवळी पालवी तांबूस झुबक्यांनी खाली लोंबते आणि फुलं केशरी-लाल. लहानपणी त्याला सावलीच आवडते, भर उन्हात पहिले दोन उन्हाळे त्याचे हाल होतात.

नवी मुंबईत खाडीच्या बाजूला, वाशी-नेरूळकडच्या भरावाच्या जमिनीत, उन्हाळ्यात मातीवर पांढरी खार फुटते. तिथे देशी बदाम. समुद्रकाठचं झाड असल्याने खारं वारं आणि खारी माती दोन्ही सोसतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याची ताटाएवढी पानं एकेक करून लाल होतात. फक्त पार्किंगच्या वर लावू नका. वटवाघळं रात्री बदाम खायला येतात आणि सकाळी गाड्यांवर जो सडा पडतो, त्याचा हिशोब सोसायटीच्या सभेत तुमच्याकडे मागितला जातो.

रोप निवडताना

नर्सरीत गेल्यावर माणसाचा हात आपोआप सर्वांत उंच रोपाकडे जातो. तो आवरा. पिशवी वीतभर आणि रोप सहा फुटी असेल, तर ते त्या पिशवीत फार वर्षं अडकलंय. मुळं आत गोल गोल फिरून दोरखंडासारखी झालेली असतात, आणि अशी मुळं जमिनीत गेली तरी गोलच फिरत राहतात. चार-पाच वर्षांनी वादळात झाड मुळासकट आडवं होतं, तेव्हा खाली पिशवीच्या आकाराचा गठ्ठा निघतो.

ताम्हणाचं तीन-चार फुटी रोप चांगलं. कोशिंबाचं मात्र दीड-दोन फुटांचंच घ्या, कारण त्याचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि मोठ्या रोपात ते तळाशी वळलेलं असतं. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर ते रोप परत ठेवा. खोड हलकेच हलवा. पिशवीतली माती खोडासोबत एकजीव हलली पाहिजे. खोड एकटंच डुगडुगत असेल तर ते पिशवीत नुकतंच कोंबलेलं रोप आहे.

घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये शोभेच्या परदेशी झाडांचीच गर्दी जास्त. देशी झाडांसाठी वनविभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत चौकशी करा, पावसाळ्याच्या तोंडावर तिथे रोपं स्वस्तात मिळतात. येऊरच्या रानातून मात्र रोप उपटून आणायचं नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे.

जागा, परवानगी आणि एक बादली पाणी

सोसायटीच्या आवारात लावायचं असेल तर कमिटीच्या बैठकीत ठराव करून घ्या, तोंडी होकारावर जाऊ नका. कमिट्या बदलतात. फुटपाथवर किंवा रस्त्याकडेला लावायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारायला लागतं. झाड मोठं झाल्यावर तोडायला किंवा फांद्या छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो १९७५ सालचा कायदा आहे. आपण आवारात स्वतः लावलेलं झाडही त्यातून सुटत नाही, म्हणून जागा आधीच विचार करून ठरवलेली बरी. वर विजेच्या तारा, खाली गॅसची किंवा ड्रेनेजची लाइन, हे वॉचमनला आणि प्लंबरला दोघांनाही विचारा. प्लंबरला जास्त माहीत असतं.

लोकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट: एसीचा बाहेरचा डबा. तळमजल्यावरच्या फ्लॅटचा किंवा दुकानाचा एसी रोपावर गरम वारा फेकत असेल तर तिथे काहीही जगणार नाही. उलट त्याच एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं. खाली बादली ठेवा, रोपाला घाला. बोअरवेलच्या खारट पाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

जागा ठरली की मे महिन्यात तिथे हातभर खोल खड्डा खणून बादलीभर पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी जिरलेलं असेल तर उत्तम. तसंच साचलेलं असेल तर खाली मुरमाचा किंवा जुन्या बांधकामाच्या काँक्रीटचा थर आहे. शक्य असेल तर पहारीने तो फोडा, नाहीतर तिथे फूटभर उंचवटा करून त्यावर रोप लावा. आमच्याकडे एका खड्ड्यातून अख्खी कमोडची टाकी निघाली. बिल्डरने माती म्हणून काय काय भरलंय, ते झाड लावताना कळतं.

लावणी

५ जूनला लावू नका. पर्यावरण दिनाच्या फोटोसाठी लावलेली कितीतरी रोपं मी २० जूनला वाळलेली पाहिलीत. मृगाची पहिली सर माती वरून भिजवते, आतली उष्णता तशीच असते, आणि मग पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो. आर्द्रा लागून माती हातभर भिजली की लावायचं, म्हणजे साधारण जूनचा शेवट ते जुलैचा मध्य. मुळांना पावसाचे अडीच-तीन महिने मिळतात.

खड्डा रुंद हवा, खोल नको. 'दोन बाय दोन बाय दोन' हे सगळे पाठ म्हणतात, पण खोल खड्ड्यात भुसभुशीत माती भरली की पावसात ती खचते आणि रोप खाली बसतं. पिशवी जेवढी उंच तेवढाच खोल, आणि पिशवीच्या तिप्पट रुंद, असा खणा. कडा फावड्याने गुळगुळीत केल्या असतील तर पहारीने ओरबाडून ठेवा.

भरायची माती तीच, खड्ड्यातून निघालेली. विटा-काँक्रीट वेचून टाका आणि तीन घमेली मातीला एक घमेलं जुनं, काळं, वास न येणारं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. दोन मुठी नीमपेंड वाळवीसाठी. बस. खड्ड्यात नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत भरलं की मुळं त्या गादीतच लोळत बसतात, बाहेरच्या मुरमात जायचं नाव घेत नाहीत. शिवाय मुरमातला तो मऊ खड्डा पावसात वाटीसारखा पाण्याने भरतो.

पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा. हो, काढायचीच. 'पिशवी कुजते' असं सांगणारे माळी अजून आहेत. काळं प्लॅस्टिक कुजत नाही. तळाशी गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार कात्रीने तेवढी कापा, आणि मुळं-मातीच्या गठ्ठ्याच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी वरून खाली उथळ चिरा द्या. बघताना जीव वर-खाली होतो, पण रोपाला त्याने काही होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी स्वतः जिथे चुकले ते. खोड खाली जिथे किंचित रुंद होऊन मुळांत उतरतं, तो पायथा जमिनीच्या वर दिसला पाहिजे. नर्सरीच्या पिशवीत पुष्कळदा त्यावर दोन-तीन इंच माती चढलेली असते. ती बोटांनी उकरून पायथा शोधा आणि मग उंची ठरवा. आपल्याकडे पावसात माती खचणारच, म्हणून पायथा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वरच ठेवा. माझा पहिला ताम्हण चांगला कंबरेएवढा झाला होता. माळ्याने प्रेमाने त्याच्या बुंध्याशी मातीचा ढीग लावला, 'आधार मिळेल' म्हणून, आणि मीही बरं म्हटलं. मातीखाली साल ओली राहून कुजली. दसऱ्याला पानं पिवळी, दिवाळीला काटकी.

माती भरून हाताने दाबा, पायाने तुडवू नका. भर पावसातही बादलीभर पाणी घाला म्हणजे आतल्या पोकळ्या बुजतात.

आधाराला दोन बांबू, रोपाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर, गठ्ठ्याच्या बाहेर ठोकलेले. जुन्या साडीची किंवा ओढणीची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा, खोडाला वाऱ्यात थोडं हलू द्या. हलल्यानेच ते जाड होतं. तार आणि नायलॉनची दोरी नको. बांधताना कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवा, कारण सोडायचं कुणालाच आठवत नाही आणि मग दोरी सालीत रुतते.

शेवटी वाळल्या पानांचं आच्छादन, चार बोटं जाड, खोडापासून वीतभर लांब. नारळाची सोडणं उपडी टाकली तरी चालतात. झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, नाहीतर त्या इमानेइतबारे रोज ते उचलून नेतील.

पहिला पावसाळा, पहिला उन्हाळा

पावसाळ्यात आळं, म्हणजे रोपाभोवतीचं पाणी धरणारं मातीचं कडं, मोडून ठेवायचं, पाणी वाहून गेलं पाहिजे. ऑगस्टात आठवडाभर उघडीप पडली तर मातीत दोन बोटं खुपसून बघा आणि कोरडं लागलं तरच पाणी घाला. पहिले दोन महिने कुठलंही खत नाही.

रोपं खरी मरतात ती ऑक्टोबरात. पावसाच्या सवयीने सगळे बेसावध असतात, हवा अजून दमट, आणि ऊन मात्र मेसारखं. परतीचा पाऊस थांबला त्या आठवड्यात आळं पुन्हा करा. खोडाला लागून नव्हे, तर पानांच्या घेराएवढं रुंद. आठवड्यातून दोनदा, एका वेळी पंधरा लिटर. रोज तांब्याभर शिंपडण्याचा उपयोग नाही, त्याने मुळं वरच्या दोन इंचांत राहतात आणि एप्रिलात भाजतात. वीस लिटरच्या जुन्या कॅनला तळाशी खिळ्याने भोक पाडून रोपाजवळ ठेवला की पाणी तासाभरात सावकाश आत जिरतं, आणि वॉचमनकाकांना पाइप धरून उभं राहावं लागत नाही. मी हेच करते.

मार्च ते मे दर तिसऱ्या दिवशी. ताम्हणाला आणि सीता-अशोकाला जरा जास्त, कोशिंबाला जरा कमी. पाणीकपात लागली तर भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा तीस लिटर, तिसऱ्यात पंधरवड्याला. त्यानंतर त्याचं ते बघतं.

दरवर्षी पावसाच्या आधी आणि नंतर दोन-दोन घमेली कंपोस्ट आळ्यात पसरा. युरिया टाकून रोप लवकर वाढतं खरं, पण लुसलुशीत वाढतं, आणि मग मावा नावाची कीड त्यावर जेवायला बसते.

गवत कापायचं मशीन हा लहान झाडांचा मोठा शत्रू. त्याची नायलॉनची दोरी सालीला एकदा चारी बाजूंनी लागली की अन्न वाहून नेणारा थर तुटतो आणि झाड वरून हिरवं असतानाच आतून संपतं. बुंध्याभोवती पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला वीतभर तुकडा सैल बसवा.

पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठूळ कीड) दिसला तर संध्याकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, नाही गेला तर साबणाचं सौम्य पाणी आणि कडुनिंबाचं तेल. चार पानं गुंडाळली, दोन कुरतडली, म्हणून औषध मारत सुटू नका. त्या अळ्यांची फुलपाखरं होतात आणि पाखरं त्या अळ्यांसाठीच येतात.

पहिली दोन वर्षं खालच्या फांद्या कापायच्या नाहीत. त्या खोडाला जाड करतात. दोन शेंडे बरोबरीने वर चालले असतील तर एक निवडून दुसरा खुडा. तिसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, माणसाच्या डोक्याला लागतील तेवढ्या फांद्या एकेक करून काढा. फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर कडी राखून कापा, खोडाशी सपाट छाटलं तर जखम भरत नाही.

लाल पान दिसलं की

तो दिवस येतो तेव्हा गडबड उडते, म्हणून आधीच सांगून ठेवते. कोशिंबाची कोवळी पालवी लाल असते आणि मऊ, मान टाकल्यासारखी लोंबते. सीता-अशोकाची तर आणखीच. दरवर्षी कुणीतरी 'झाड सुकलं' म्हणून त्यावर तीन बादल्या ओततं किंवा माळीदादांकडून फवारा मारून घेतं. काही करायचं नाही. दहा-पंधरा दिवसांत पानं ताठ होऊन हिरवी होतात.

ताम्हणाचं उलटं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं लाल होऊन गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. आमच्या सेक्रेटरींनी एकदा तो 'मेलेला' ताम्हण उपटून तिथे पाम लावायचं ठरवलंही होतं. अशा वेळी खोडाची साल नखाने तांदळाएवढी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर चार बोटं खाली पुन्हा खरवडा, आणि तसं करत थेट बुंध्यापर्यंत या. बुंध्याशी हिरवं असेल तर तिथून फुटतं. आमच्या त्या ताम्हणाला मार्चअखेरीस पालवी आली. पामची कुंडी अजून गेटपाशी पडून आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.